यंदा येळवशीला शेतात जावं का नाही, कळंना

औसेकरीण_पुण्यात:
आमचं गाव औसा तालुक्यात, मी सध्या पुण्यात. येळवस (वेळ अमावस्या, शेतात पूजा करून सगळ्यांनी मिळून जेवायचा आमच्याकडचा सण) पुढच्या आठवड्यावर आली अन् माझं काहीच ठरंना. गेल्या वर्षी 30 डिसेंबरला सोमवारी होती, लातूर जिल्ह्याला सुट्टी, आम्ही सगळे शेतात, कडब्याची कोप (पूजेची खोपटी) झालेली, पांडवांना (कोपीतल्या पाच दगडांना) चुना लावून झाला, भज्जीचं (ओल्या दाण्यांच्या अन् पाल्याच्या भाजीचं) पातेलं तेवढं उघडायचं बाकी, आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आण्णा अन् तात्यांचं (माझे वडील आणि चुलते) वाजलं. आण्णा न जेवता निघाले. आईनं आंबिलाची (ताक अन् ज्वारीच्या पिठाचं पेय) बिंदगी, म्हणजे घागर, घोंगडीत गुंडाळून नेली होती ती तशीच परत आली, रात्री घरी झाकण काढलं तर वर फेस, सगळ्या घरात लसूण अन् आंबट ताकाचा वास. तो वास अजून डोक्यातून जात नाही. मग उन्हाळ्यात वाटण्या झाल्या, बोलणं बंद.

आता परवा तात्यांचा फोन, तोपण मला, आण्णांना नाही. म्हणाले सप्टेंबरच्या पावसात तुमचं सोयाबीन गेलं, आमचंबी गेलं, पाण्यानं काय बांध बघितला न्हाई, यंदा एकच कोप करू. ऐकून डोळ्यात पाणी पण आलं अन् डोकं पण तापलं, कारण त्या दिवशी गड्यामाणसांसमोर ते आण्णांना जे बोलले ते मी विसरले नाही. पोरगं आठ वर्षांचं, त्याला फक्त रात्रीचा हेंडगा (शेतात फिरवायची पेटती मशाल) बघायचाय. नवरा साताऱ्याचा, अमावस्येला कोण सण करतं हे त्याचं दरवर्षीचं. आण्णा म्हणायलेत "तुला जायचं तर जा", आता याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. जाऊ का? अन् गेले तर मागचा विषय काढू का गप बसू?

निलंग्याचा_गडी:
ताई, जावा बिनधास्त. आमच्यात तीन भाऊ, चार वर्षं तीन कोपी घातल्या, चर शिंपताना (शेतात आंबील शिंपडत फिरताना) "ओलगे ओलगे सालम पोलगे" तीन बाजूनं तीन आवाजात, रस्त्यानं जाणारे हसायचे. शेवटी पोरांनीच एका कोपीवर आणलं. फक्त एक करा, कोप कुणाच्या वाट्यात घालायची ते आधी फोनवर ठरवा. तिथं जाऊन ठरवायला गेलात की कल्याण झालं म्हणून समजा. अन् तात्यांना सांगा की एक फोन आण्णांना पण करा, लेकीच्या हातानं आवतन मोठ्या भावाला चालत नसतं. (आण्णा मोठे आहेत असं धरून चाललोय.)

तेरणाकाठची:
मी उलटा अनुभव सांगते. माझ्या माहेरी असंच झालं, मी रागानं तीन येळवशी गेले नाही, वाटलं कुणीतरी समजूत काढायला येईल. कुणी आलं नाही, चौथ्या वर्षी बोलावणं पण आलं नाही, आता धाराशिवला शेजारणीच्या शेतात जाऊन जेवते, भज्जी चांगली असते तिची पण माझी नाही ना ती. विषय काढू नको तिथं. जेवायच्या वेळेला तर नकोच. राग ठेव की, राग घेऊन जाता येतं, मी म्हणत नाही की सगळं विसर. अन् रिकाम्या हातानं जाऊ नको, भज्जीसाठी ओली तूर, वाटाणा, हरभऱ्याचा पाला पुण्यातून नेऊ नकोस मात्र, त्या मंडईतल्या पाल्याला चवच नसते. तिथं जाऊन बांधावरचा खुड, काकूसोबत खुडत बस, दोन बायका पाला खुडायला बसल्या की अर्ध काम होतं. बेसन शेवटी लाव, नाहीतर तळाला धरतं.

सातबारा_बघा_आधी:
सगळे भावनेवर चाललेत म्हणून लिहितो. भांडण माणसाचं नाही, पाळीचं आहे. वाटणी नुसती तोंडी झाली का जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलमधून झाली? विहीर सामाईक असंल तर सातबाऱ्यावर इतर अधिकारात दोघांचा हिस्सा लागलाय का बघा. नसंल तर पुढच्या येळवशीला परत हेच. पण हे सोमवारी तलाठ्याकडं, शेतात नव्हं. शेतात भाकरी खावा.

बिदर_बॉर्डर:
साताऱ्याच्या दाजींना सांगा, आमच्या बिदर-कलबुर्गीकडं पण हीच अमावस्या शेतात जेवून साजरी करतात, दोन राज्यं येडी असायची नाहीत. दोन वाट्या आंबील पाजा, दुपारी कोपीपाशी घोरत पडतेत का नाही बघा.

औसेकरीण_पुण्यात:
सगळ्यांचे आभार. निलंग्याचे दादा, बरोबर ओळखलंत, आण्णाच मोठे. तात्यांना सांगितलं तर अर्धा मिनिट गप्प, मग म्हणाले "बघतो". काल रात्री आईचा फोन, तात्यांनी आण्णांना फोन केला म्हणे, दोघं बोलले किती तर पाऊस अन् हरभऱ्यावरची अळी, बास. येळवशीचं नावच नाही काढलं दोघांनी. पण आज सकाळी आण्णा पेंढ्या मोजत होते, कोपीला पाच लागतात, त्यांनी सात काढल्यात. मी तिकीट काढलं, वेटिंग 14 आहे, नाहीतर ट्रॅव्हल्सनं येते. राग आहे अजून. काकूचा मेसेज आलाय, लसूण सोलून ठेवते, ताक तुमच्या म्हशीचं आण.