खाऱ्या हवेत लोखंडी त्सुबा कसा जपावा आणि त्याची पारख कशी करावी?

मिऱ्याकर (रत्नागिरी):
सप्रेम नमस्कार. जपानी तलवारीची मूठ आणि पाते यांच्यामध्ये जी चकती बसवतात, त्या त्सुबांचा, त्यातही केवळ लोखंडी त्सुबांचा, लहानसा संग्रह मी करीत आहे. अलीकडे जपानमधील एका विक्रेत्याकडून एदो काळातील (१६०३ ते १८६८) म्हणून सांगितलेला एक गोल, आरपार नक्षी कापलेला त्सुबा घेतला. त्याचा व्यास आठ सेंटिमीटरहून थोडा कमी असून त्यावर कारागिराची सही नाही. पावसाळा सुरू झाल्यापासून त्याच्या कडेवर आणि नक्षीच्या आतल्या बाजूंना तांबूस गंजाचे ठिपके दिसू लागले आहेत. आमसुलाने घासून खोबरेल तेलाचा हात फिरवावा, असे घरातील वडीलधारी मंडळी सुचवतात. तसे करणे योग्य ठरेल का? शिवाय हा तुकडा खरोखर घडीव आहे की ओतीव, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

अष्टागर (अलिबाग):
आमसूल, चिंच, लिंबू आणि बाजारात मिळणारी गंज काढण्याची द्रावणे यांपैकी काहीही कृपया वापरू नये. तांब्यापितळेच्या भांड्यांना जे मानवते ते येथे घातक ठरते. लोखंडी त्सुबाचा गडद, काळपट तपकिरी पृष्ठभाग हा मळ नसून कारागिराने मुद्दाम आणलेला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या हाताळणीतून मुरलेला लोह-ऑक्साइडचा थर असतो. संग्राहक ज्याला मोल देतात तो मुख्यतः हाच थर. आम्लाला जुना काळा थर आणि नवा तांबडा गंज यांत भेद करता येत नाही. ते दोन्ही विरघळवते आणि खाली उरते ते राखाडी, निर्जीव लोखंड, ज्याला आपली मूळ कांती पुन्हा मिळणे फार कठीण.

जपानमधील जुनी रीत अशी, की हाडाचा किंवा हरणाच्या शिंगाचा तुकडा तासून त्याला छिन्नीसारखी धार काढायची आणि तिने फक्त तांबडा गंज हळूहळू खरवडायचा. हाड लोखंडाहून मऊ असल्यामुळे वरचा भुसभुशीत गंज निघतो आणि खालचा काळा थर शाबूत राहतो. हरणाचे शिंग आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, म्हणून गुरांचे स्वच्छ, वाळलेले हाड किंवा बांबूची कामटी वापरावी. नंतर कोरड्या सुती कापडाने बराच वेळ चोळावे. या कामाला घाई चालत नाही आणि मला तर त्यातच या छंदाचा खरा आनंद वाटतो.

खोबरेलही टाळावे, कारण ते कालांतराने खवट होते, त्यातील आम्ल धातूला बाधते आणि चिकट थरावर धूळ व क्षार धरून राहतात. आपल्या किनाऱ्यावर मूळ दुखणे क्षारांचेच आहे: हवेतील मीठ पृष्ठभागावर बसते, ओलावा ओढून घेते आणि गंज आतून चालू राहतो. म्हणून त्सुबा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा, आत लहान आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत राखावी आणि घामट हातांनी तो उचलू नये. जपानी किरी लाकडाची पेटी असल्यास ती पेटीच या डब्यात ठेवावी. आपल्या पावसाळ्यात नुसत्या पेटीचा भरवसा धरता येणार नाही.

भुईगावकर (वसई):
पारखेविषयी लिहितो. बिडाच्या तव्याचा पृष्ठभाग जसा रवाळ आणि बारीक छिद्रांचा दिसतो, तसा दिसला की संशय घ्यावा. नक्षीच्या आतल्या भिंती भिंगाखाली पाहाव्यात: ओतीव नकलेत तेथे साच्याच्या जोडाची बारीक रेघ आढळू शकते आणि कोपरे बोथट असतात, तर घडीव तुकड्यात करवत व कानस यांनी केलेले काम स्पष्ट असते. मधल्या उभट छिद्राभोवती, जेथून पात्याचा शेपटा (मुठीत बसणारा भाग) जातो तेथे, छिन्नीचे ठोके किंवा तांब्याचे लहान तुकडे बसवलेले असतील, तर तो त्सुबा पात्यावर बसवला गेला होता असे समजण्यास चांगला आधार मिळतो. काही जुन्या त्सुबांच्या कडेवर लोखंडाच्या कठीण गाठी दिसतात, त्यांना तेक्कोत्सु म्हणतात. दोऱ्याला टांगून लाकडी काडीने हलकेच वाजवल्यास घडीव लोखंडाचा नाद स्वच्छ येतो. लोहचुंबकाने मात्र काही कळत नाही, कारण तो दोन्हींना चिकटतो.

दाभोलीकर (वेंगुर्ले):
नादाच्या कसोटीवर मी इतका विसंबणार नाही. मधल्या छिद्राच्या बाजूला कधी कधी असणारी लहान छिद्रे शिसे वा अन्य धातूने बुजवलेली असली, तर अस्सल तुकडाही बद्द वाजतो. छिन्नीचे ठोकेही नकलेत मुद्दाम मारता येतात. १८७६ साली जपानच्या मेइजी सरकारने तलवार बाळगून फिरण्यावर बंदी घातली, त्यानंतर असंख्य त्सुबा तलवारींपासून सुटे होऊन परदेशी संग्राहकांकडे गेले आणि त्या मागणीपोटी नकलाही निघाल्या. म्हणून महाग तुकडा घेताना, जपानी कला-तलवारींच्या जतनासाठी १९४८ साली स्थापन झालेल्या संस्थेचे ‘होझोन’ (जतनयोग्य) किंवा ‘तोकुबेत्सु होझोन’ (विशेष जतनयोग्य) प्रमाणपत्र आहे का, हे आधी विचारावे.

आपण किनाऱ्यावरचे आहात म्हणून आणखी एक सुचवतो: पुढे ‘नाम्बान’ प्रकाराचे त्सुबा अवश्य पाहावेत. वेलींमध्ये गुंतलेले ड्रॅगन, खोल कोरलेले लोखंड आणि त्यावर सोन्याचे पातळ काम, अशी त्यांची ठेवण असते. त्यांत चिनी आणि युरोपीय वळण मिसळले आहे आणि काहींवर डच ईस्ट इंडिया कंपनीची अक्षरमुद्राही आढळते. त्याच कंपनीची वखार सतराव्या शतकात आमच्या वेंगुर्ल्यात होती, त्यामुळे या तुकड्यांविषयी मला विशेष जिव्हाळा आहे.

मिऱ्याकर (रत्नागिरी):
तिघांचेही मनःपूर्वक आभार. भिंगाने पाहिले असता मधल्या छिद्राच्या वर आणि खाली तांब्याचे तुकडे आहेत आणि आतल्या भिंतींवर कानशीच्या बारीक रेघा दिसतात. जोडाची रेघ कोठेही नाही. प्रमाणपत्राविषयी विक्रेत्याला आजच लिहितो. त्सुबा सिलिका जेलसह डब्यात ठेवला आहे. हाडाने गंज काढण्याचे काम पाऊस सरून हवा कोरडी झाल्यावर, प्रथम सर्वांत लहान ठिपक्यावर करून पाहीन आणि आधीची व नंतरची छायाचित्रे येथे देईन.