मदत हवी आहे: बेने इस्रायली कुटुंबांचा इतिहास सांगणारी पुस्तकं

आईच्या माहेरचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळ अलिबागजवळचे. घरातल्या जुन्या माणसांच्या आठवणी लिहून काढतेय, त्यासाठी सोबतीला वाचायला ललितेतर पुस्तकं हवी आहेत. कादंबऱ्या सध्या नकोत.

हाईम सॅम्युएल केहिमकरांचा इतिहास वाचला (लिहिला १८९७ मध्ये, छापला १९३७ साली). पूर्वजांचं नवगावजवळ जहाज फुटल्याची कथा, तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून पडलेलं ‘शनिवार तेली’ हे नाव, मलिदा हा नैवेद्याचा विधी, गावावरून पडलेली ‘कर’ आडनावं, हे सगळं त्यात आणि इतरत्र सापडतं. शर्ली आयझेनबर्ग यांचं पुस्तकही झालं. ते फार मोलाचं आहे, पण समाजाचा इतिहास आहे, एका घराचा नाही. सादिया शेपर्ड यांचं ‘द गर्ल फ्रॉम फॉरेन’ मला हवं त्याच्या सगळ्यात जवळ आलं. नात आजीचं घराणं शोधत कोकणात येते, आणि शोधताना ती स्वतः कोण हा प्रश्न तिला सोडत नाही.

मला अडतंय ते १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यानंतरच्या काळापाशी. इस्रायलला गेल्यावर रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) लग्नाच्या वेळी बेने इस्रायलींच्या ज्यूपणावरच शंका घेतली, १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं. त्या दिवसांत घरात काय बोललं जात होतं, मराठी कशी टिकली, मागे राहिलेल्यांशी नातं कसं राहिलं?

मराठी किंवा इंग्रजी चालेल, हिब्रू वाचता येत नाही. पुण्यात राहते, ग्रंथालयात बसून वाचायचीही तयारी आहे. या स्थलांतरावर एखाद्या कुटुंबातल्याच माणसानं लिहिलेलं आत्मकथन तुम्ही वाचलंय का, आणि ते कुठे मिळेल?