मदत हवी आहे: स्क्वॅट करताना डावी टाच उचलली जाते

नमस्कार मंडळी. खोल स्क्वॅटला गेलं की माझी डावी टाच जमिनीवरून सुटते आणि कंबर उजवीकडे सरकते. उजवा पाय अगदी व्यवस्थित. दोन वर्षांपूर्वी डावा घोटा मुरगळला होता, तेव्हा पट्टी बांधून विश्रांती घेतली, व्यायाम मात्र काहीच केले नाहीत.

भिंतीसमोर पाय ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून पाहिला. उजव्या अंगठ्यापासून भिंत ११ सेमी, डाव्याला जेमतेम ६. इतका फरक बघून धक्काच बसला.

महिनाभर पोटरी ताणतोय, पण गुडघा सरळ ठेवून. आता वाचलं की गॅस्ट्रोक्नेमिअस (पोटरीचा बाहेरचा मोठा स्नायू) गुडघ्याच्याही वरून सुरू होतो, त्यामुळे गुडघा वाकला की तो सैल पडतो. सोलिअस (त्याच्या आतला पोटरीचा दुसरा स्नायू) गुडघ्याच्या खालीच सुरू होतो, म्हणजे स्क्वॅटमध्ये अडवणारा तोच असणार. मग माझा महिना चुकीच्या स्नायूवर गेला का?

एक गोष्ट मात्र खटकते. ताण मागे पोटरीत जाणवत नाही, घोट्याच्या पुढच्या बाजूला काहीतरी चिमटल्यासारखं होतं. दुखत नाही, पण तिथेच गाडी अडते. हा स्नायूचा आखडलेपणा की सांध्यातलाच अडथळा, हे घरी कसं ओळखायचं? टाचेखाली पातळ फळी ठेवली की स्क्वॅट सुरेख होतो. तोवर तसंच वजन उचलत राहू, की आधी फिजिओथेरपिस्टला दाखवू?