बाळाला भूल दिली की ते ‘ढ’ होतं म्हणे!

चुनाभट्टीकर
परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक पोस्ट आली. ‘तीन वर्षांच्या आत मुलाला भूल देऊ नका. मेंदूच्या पेशी मरतात, मूल आयुष्यभर मागे राहतं. अमेरिकेनेच इशारा दिलाय.’ खाली हात जोडलेल्या इमोज्यांची रांग. एरवी मी असलं उघडतही नाही. पण माझ्या बहिणीच्या साडेतीन महिन्यांच्या बाळाला जांघेत हर्निया आहे, आणि ही पोस्ट वाचून भावजींनी ऑपरेशनची ठरलेली तारीख रद्द केली. ‘तीन वर्षांचा होऊ दे, मग बघू.’

म्हणजे तोवर रोज लंगोट बदलताना फुगवटा आत जातोय का, ते बघत बसायचं? तान्ह्या बाळाचं आतडं तिथे अडकलं तर त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मग हीच भूल मध्यरात्री, धावपळीत द्यावी लागते. ते त्या पोस्टमध्ये कुठे होतं?

बरं, नेमक्या याच ऑपरेशनवर आणि याच वयाच्या बाळांवर अभ्यास झालेला आहे. सात देश, २८ रुग्णालयं, ७२२ बाळं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला पूर्ण भूल, दुसऱ्याला जागं ठेवून फक्त कमरेखालचा भाग बधिर. पाच वर्षांची झाल्यावर बुद्ध्यांक मोजला, दोन्ही गट सारखेच निघाले. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. भावजींना पाठवलं तर म्हणाले, “हे सगळे कंपन्यांचे खेळ.” आणि फॉरवर्ड म्हणजे जणू ज्ञानेश्वरी!

ठाण्याचा बाप
ताई, राग समजतो, पण ती पोस्ट निव्वळ थाप नाही. डिसेंबर २०१६ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, खरंच इशारा दिला होता. तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांपेक्षा जास्त किंवा पुन्हा पुन्हा भूल दिली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, असा. पोस्टवाल्याने ‘तीन तास’ आणि ‘पुन्हा पुन्हा’ गाळलं, तुम्ही अख्खा इशाराच गाळलात. जमली जोडी.

तुमच्या ७२२ बाळांना एकदाच भूल दिली होती, तीही साधारण तासाभराची. माझ्या मुलाचा ओठ आणि टाळू जन्मतः दुभंगलेले. तीन वर्षांच्या आत चारदा टेबलावर गेला. आता तिसरीत आहे. गणित तोंडी विचारा, फटकन सांगेल. वहीत उतरवायला मात्र सगळ्यांच्या शेवटी. शर्टाची बटणं अजून मीच लावतो. बाई म्हणतात आळशी आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाचा २०१८ चा अभ्यास वाचा: बुद्ध्यांकात फरक नाही, पण अनेकदा भूल मिळालेल्या मुलांच्या हाताच्या बारीक हालचाली आणि कामाचा वेग थोडा कमी. रात्री दीड वाजता ते वाचलं, मग झोप कसली.

गॅसवाला (निवृत्त)
चौतीस वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात भूल दिली. पेढे सर्जनला, आमच्या वाट्याला ‘तो गॅसवाला आला का?’ असो.

ही भीती पसरली २००३ च्या उंदरांपासून. सात दिवसांची पिल्लं, तीन औषधं एकत्र, सलग सहा तास. त्यांच्या मेंदूतल्या पेशी मेल्या हे खरं, पुढे ती शिकण्यातही मागे पडली. पण माणसाचं बाळ म्हणजे उंदराचं पिल्लू नव्हे. नेदरलँड्समध्ये एकसारख्या जुळ्यांचा अभ्यास झाला, २००९ साली. जोडीतल्या एकालाच तीन वर्षांच्या आत भूल मिळालेली, दुसऱ्याला नाही. शाळेत दोघं सारखेच. उलट ज्या जोड्यांत दोघांनाही भूल मिळाली होती, त्या दोघांनाही भूल न मिळालेल्या जोड्यांपेक्षा मागे. म्हणजे ज्या मुलांना ऑपरेशन लागतं, ती मुळातच वेगळी असतात. दुभंगलेल्या टाळूच्या मुलाला दूध ओढता येत नाही, कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येतं. त्यातलं भुलीचं किती आणि आजाराचं किती?

आणि भूल नकोच म्हणणाऱ्यांसाठी: ऐंशीच्या दशकापर्यंत तान्ह्यांना वेदना कळतच नाहीत असं समजून जगभर नाममात्र भुलीवर ऑपरेशनं होत. १९८७ मध्ये आनंद नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना नीट वेदनाशामक दिलं तर शरीरावरचा ताण आणि नंतरची गुंतागुंत कमी होते.

ठाण्याचा बाप
म्हणजे दोष माझ्या मुलाच्या टाळूचा, तुमच्या गॅसचा नाही. वा डॉक्टर. चारही वेळा सही घेताना यातलं एक अक्षर कुणी बोललं नव्हतं. ‘करा सही, लिस्ट खोळंबलीय.’

डोंबिवली स्लो
मेंदूचं राहू द्या हो, आधी उपाशी ठेवण्याचं बोला. माझी मुलगी दहा महिन्यांची होती. ‘रात्री बारानंतर काही देऊ नका, पहिला नंबर आहे.’ पहाटेची लोकल पकडली. लेडीज डब्यात ती रडतेय, बायका म्हणतायत, “अगं, पाज ना तिला.” मी काय सांगू, कपाळ? तिथे पोचल्यावर कळलं, नंबर पाचवा. दुपारचा एक वाजला. मी पाच मिनिटं फॉर्म भरायला गेले, तेवढ्यात सासूबाईंनी चहात बुडवून बिस्किट भरवलं. सिस्टरने ओठावरचा चुरा पाहिला. ऑपरेशन रद्द. पुन्हा तीच लोकल.

दहीभात
बरोबरच केलं सासूबाईंनी. तेरा तास उपाशी लेकरू कोण बघेल?

डोंबिवली स्लो
बरोबर? चोरून? मला न विचारता?

दहीभात
विचारलं असतं तर दिलं असतंत का? आजकालच्या आयांना डॉक्टर म्हणेल ते वेदवाक्य. आमची तीन मुलं याच हातांनी वाढली.

गॅसवाला (निवृत्त)
आजीबाई, पोटात बिस्किट असताना भूल दिली आणि उलटी फुप्फुसात गेली, तर ‘मूल ढ होईल का’ हा प्रश्नच उरत नाही. त्या सिस्टरला साष्टांग नमस्कार.

डोंबिवली स्लो
आणि बारा वाजल्यापासूनच्या उपासाचं काय, डॉक्टर? ते विसरलात सोयीने.

गॅसवाला (निवृत्त)
नाही विसरलो. वरचं दूध आणि खाणं सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. आता बऱ्याच ठिकाणी पाणी एक तास आधीपर्यंतही देतात. ‘बारानंतर काही नको’ हा आमच्या लोकांचा आळस. एकच वाक्य सगळ्यांना सांगायचं की डोक्याला ताप नाही. मीही सांगितलंय, कित्येक वर्षं. घ्या, समाधान झालं?

कटिंग
चहा पाण्यात धरतात का? दुधाशिवायचा?

गॅसवाला (निवृत्त)
मोठ्यांसाठी कोरा चालतो. बाळाला चहा पाजायचाच कशाला?

दहीभात
बघा, म्हणजे चहाला हरकत नव्हती. हरकत बिस्किटाची.

डोंबिवली स्लो
दुधाचा होता तो! साईसकट!!

चुनाभट्टीकर
माझा धागा हर्नियाचा होता, आठवण करून देते.

कटिंग
हर्नियाचं ठीक आहे, पण दातांचं बघा. चार वर्षांच्या पुतण्याचे सहा दात किडले. एक जण म्हणाला पूर्ण भूल देऊन एकदम सगळे करू. दुसऱ्याने दोन थांबून बघू म्हटलं, उरलेले चार खुर्चीतच बसवून केले. पहिल्याचा आकडा ऐकून दादा गप्प झाला होता. कटवर बोलायचं नाही का कुणी?

गॅसवाला (निवृत्त)
बोला की. मला पगार होता, कट मिळाला असता तर ठाण्यात बंगला असता. ठाणेकर, तुम्हाला मात्र एक सांगतो. मेयोच्या अभ्यासाबद्दल तुमचं चूक नाही. अनेकदा भूल मिळालेल्यांचा प्रश्न अजून मिटलेला नाही, मी तो झाकायला नको होता. म्हणूनच आम्ही टाळू शिवतानाच कानात नळी घालून घ्यायचो, एका भुलीत दोन कामं. तुमच्या वेळी तसं केलं होतं का?

ठाण्याचा बाप
नाही. दोन महिन्यांनी वेगळी तारीख दिली. कोणी विचारलंच नाही, मलाही माहीत नव्हतं. पण टाळू वेळेत शिवली म्हणून आज तो स्पष्ट बोलतो, हेही खरं. पुन्हा वेळ आली तर चारही वेळा सही करीन. आधी भांडेन, मग करीन.

गॅसवाला (निवृत्त)
हस्ताक्षरासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टला (लिहिणं, बटणं लावणं अशा रोजच्या कामांचा सराव करून घेणाऱ्याला) दाखवा, या वयात फरक पडतो. आणि ‘आळशी’ म्हणणाऱ्या बाईंचा पत्ता द्या, मी येतो बोलायला. हल्ली रिकामाच असतो.

ठाण्याचा बाप
पत्ता देत नाही, तुम्ही त्यांनाच भूल द्याल. थेरपिस्टचं बघतो.

चुनाभट्टीकर
ताजी खबर: ताईने काल रात्री भावजींना हा धागा वाचायला दिला. ७२२ वर ढिम्म. ठाणेकरांचं ‘चारही वेळा सही करीन’ वाचलं आणि गप्प झाले. सकाळी स्वतः फोन करून पुढच्या गुरुवारची तारीख घेतली. अट एकच, जमत असेल तर कमरेचं इंजेक्शन. भूलतज्ज्ञांना भेटून विचारणार आहेत.

डोंबिवली स्लो
शेवटचं दूध किती वाजता, ते कागदावर लिहून घ्या. आणि आजीच्या पिशवीची झडती.

दहीभात
आजीचीच का? आमच्याकडे बिस्किट आजोबांच्या खिशातून निघालं होतं.