इंडोनेशियाच्या गावांतील डिजिटल कारभार : आपल्या ग्रामपंचायतीला त्यातून काय घेता येईल?

प्रश्न : ग्रामपंचायत सदस्य, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. मी सुमारे १,८०० लोकवस्तीच्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एका वयस्क कास्तकाराने उभे राहून विचारले की, वित्त आयोगाच्या पैशातून आमच्या वस्तीतील नालीवर नेमका किती खर्च झाला. सर्व माहिती ऑनलाइन आहे, असे उत्तर त्यांना मिळाले आणि ते खाली बसले. ते उत्तर खोटे नव्हते, पण त्या सभेत बसलेल्या साठ-सत्तर लोकांपैकी कोणालाही ती माहिती त्या क्षणी पाहता आली नाही, ही गोष्ट मला तेव्हापासून टोचते आहे.

दुसरी अडचण नोंदींची आहे. आमच्या गावातील एका विधवा बाईचे नाव नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या आकारणी नोंदवहीत, एका प्रकारे, घरकुलाच्या यादीत दुसऱ्या प्रकारे आणि नळजोडणीच्या नोंदीत तिसऱ्या प्रकारे लिहिलेले आहे. या तीन नावांचा मेळ बसेना म्हणून तिच्या घरकुलाचा हप्ता कित्येक महिने अडकून राहिला. आमचा संगणक परिचालक मेहनती मुलगा आहे, पण त्याचा बहुतेक दिवस एकच माहिती वेगवेगळ्या पोर्टलवर पुन्हा पुन्हा भरण्यात जातो.

माझी भाची नागपूरला लोकप्रशासन शिकते आहे आणि इंडोनेशियातील स्थानिक सरकारांच्या डिजिटल कारभारावर तिचा अभ्यास चालू आहे. तिथेही आपल्यासारखीच हजारो गावे आहेत आणि त्यांना थेट निधी मिळतो, असे तिच्याकडून समजले. मला जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तिथल्या गावांची वारंवार माहिती भरण्यातून सुटका झाली का? आणि गावाचा हिशेब गावकऱ्यांच्या डोळ्यांसमोर आला का?

उत्तर : लोकप्रशासनाचा प्राध्यापक, अमरावती

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर अर्धे हो आणि अर्धे नाही असे आहे. ते तसे का, हे कळण्यासाठी तिथली रचना थोडी समजून घ्यावी लागेल.

सुहार्तो यांची राजवट १९९८ मध्ये संपल्यानंतर इंडोनेशियाने १९९९ मध्ये विकेंद्रीकरणाचा कायदा केला आणि तो २००१ पासून अमलात आला. बहुतेक अधिकार प्रांतांना न देता थेट जिल्ह्यांना दिले, हे त्या कायद्याचे वैशिष्ट्य होते. आज तिथे ३८ प्रांत आहेत आणि जिल्हे व शहरे मिळून ५१४ घटक आहेत. जिल्ह्याच्या प्रमुखाला बुपाती म्हणतात. हा संस्कृतातील भूपती शब्दच आहे, आणि गावासाठी ते वापरतात तो देसा हा शब्दही संस्कृत देश शब्दावरून गेलेला आहे. बुपाती २००५ पासून थेट मतदानाने निवडला जातो, त्यामुळे एखाद्या जिल्ह्याचा कारभार सुधारतो की नाही, हे बरेचसे त्या एका माणसाच्या इच्छेवर ठरते. जावा बेटाच्या पूर्व टोकावरील बान्युवांगी हा जिल्हा याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. अब्दुल्लाह अझ्वार अनास तिथे बुपाती असताना २०१६ मध्ये ‘स्मार्ट काम्पुंग’ (काम्पुंग म्हणजे गाव) हा कार्यक्रम सुरू झाला. दाखल्यांसाठी लोकांनी जिल्ह्याच्या गावी खेटे घालण्याऐवजी गावच्या कार्यालयातच काम व्हावे, आणि त्यासाठी गावापर्यंत फायबरची जोडणी न्यावी, असा त्यामागचा विचार होता. हेच अनास पुढे २०२२ मध्ये प्रशासन सुधारणा खात्याचे केंद्रीय मंत्री झाले.

या स्वायत्ततेची दुसरी बाजूही आहे. प्रत्येक जिल्ह्याने, आणि जिल्ह्यातील प्रत्येक खात्याने, आपापले ॲप काढले. इलेक्ट्रॉनिक शासनव्यवस्थेसाठी २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा ९५ क्रमांकाचा आदेश निघाला आणि त्याने सर्वांना एका आराखड्यात आणायचे ठरवले, तरीही ॲपची संख्या वाढतच राहिली. मे २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी स्वतः सांगितले की, केंद्रीय खाती आणि स्थानिक सरकारे यांची मिळून सुमारे २७,००० ॲप झाली आहेत आणि ती एकमेकांशी जोडलेली नाहीत. यापुढे नवी ॲप काढणे थांबवा, असे त्यांनी त्याच वेळी बजावले. तुमचा परिचालक ज्या ओझ्याखाली दबला आहे, त्याच ओझ्याची कबुली एका देशाच्या सर्वोच्च पदावरून दिली गेली, असे मी याकडे पाहतो.

आता गावांकडे येऊ. तिथे ७५ हजारांच्या आसपास गावे आहेत. २०१४ च्या ग्राम कायद्यानंतर २०१५ पासून केंद्राचा ग्रामनिधी गावांना मिळू लागला. पहिल्या वर्षी तो सुमारे २०.७ ट्रिलियन (एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी) रुपिया, म्हणजे तिथले चलन, एवढा होता आणि काही वर्षांतच ७० ट्रिलियनच्या घरात गेला. एवढा पैसा गावात जाणार म्हटल्यावर हिशेब कसा ठेवायचा, हा प्रश्न उभा राहिलाच. त्यासाठी तिथल्या लेखापरीक्षण यंत्रणेने गृह खात्याबरोबर ‘सिसकेउदेस’ नावाची ग्रामलेखा प्रणाली तयार केली. तिचे दोन गुण मला फार मोलाचे वाटतात. एक म्हणजे मूळ स्वरूपात ती कार्यालयातील संगणकावरच चालत असे, त्यामुळे रेंज नाही म्हणून काम अडत नसे. दुसरा गुण तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे : व्यवहाराची नोंद एकदाच करायची आणि पावती, रोकडवही, तिमाही अहवाल हे सर्व त्या एकाच नोंदीतून निघायचे. जमाखर्चापुरती तरी तिथे पुनरुक्तीतून सुटका झाली, असे म्हणता येते.

बाकी माहितीबाबत मात्र ती झाली नाही. तिथल्या गावांवर गृह खाते आणि ग्रामविकास खाते अशा दोन खात्यांचा अधिकार चालतो, आणि दोघांनाही गावाची माहिती आपापल्या नमुन्यात हवी असते. एकाच कुटुंबाची माहिती दोन्हीकडे भरणारा कर्मचारी तिथेही आहे. यावर उपाय म्हणून २०१९ मध्ये ‘एक माहिती’ धोरणाचा आदेश निघाला. प्रत्येक माहितीची व्याख्या एकच असावी, संकेतांक एकच असावेत आणि प्रत्येक ठिकाणी त्या माहितीची जबाबदारी घेणारा एक ‘वाली’ असावा, असे त्यात म्हटले आहे. तिथला शब्द खरोखरच वाली हाच आहे, आणि तो आपल्याप्रमाणेच अरबीतून तिकडे गेला आहे. त्या विधवा बाईच्या नावाला तीन कार्यालयांत तीन रूपे मिळाली, कारण त्या नावाला वालीच नव्हता.

उत्तर : आपले सरकार सेवा केंद्र चालक, गोंदिया जिल्हा

सरांनी लिहिलेले वाचून मन भरून आले, कारण आमचे काम कोणी इतक्या बारकाईने पाहत असेल असे वाटले नव्हते. मी नऊ वर्षांपासून हे काम करतो. रोवणीच्या दिवसांत गाव रिकामे असते तेव्हा मी माहिती भरतो, आणि लोक घरी असतात तेव्हा नेमकी वीज किंवा रेंज गेलेली असते. नाव चुकले की दोष ऑपरेटरवर येतो. पण चूक दुरुस्त करण्याचा अधिकार माझ्याकडे नाही, तो तालुक्याच्या लॉगिनमध्ये आहे. गावातील माणूस माझ्यासमोर उभा राहून स्वतःचे खरे नाव सांगत असतो, आणि मला मात्र त्याला २२ किलोमीटरवर पाठवावे लागते.

ताई, तुम्हाला माझी एक विनंती आहे. तुमच्या परिचालकाला मासिक सभेत बसवा आणि कोणकोणत्या पोर्टलवर तो काय काय भरतो, हे एकदा त्याच्याच तोंडून सर्व सदस्यांना ऐकू द्या. आमच्याकडे हे झाल्यावर सरपंचांनाही पहिल्यांदाच कळले की कुटुंबसंख्या आम्ही सहा ठिकाणी भरतो आणि सहाही ठिकाणी आकडा वेगळा आहे. सरांना विचारायचे आहे की, गावाने स्वतःचे एकच रजिस्टर संगणकावर ठेवायचे ठरवले, तर तसे तिथे कोणी केले आहे का?

उत्तर : लोकप्रशासनाचा प्राध्यापक, अमरावती

भाऊ, केले आहे, आणि माझ्या मते त्या देशाकडून घेण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे. योग्याकार्ता येथील ‘कम्बाइन’ या स्वयंसेवी संस्थेने २००९ पासून गावांसाठी एक ग्राम माहिती प्रणाली विकसित केली. तिच्यातून पुढे ‘ओपनएसआयडी’ हे मुक्त सॉफ्टवेअर उभे राहिले आणि स्वयंसेवकांच्या समूहाने ते वाढवले. त्यात गावाची कुटुंबनोंद गावच्याच कार्यालयात राहते, दाखले त्याच नोंदीतून छापले जातात आणि गावाचे संकेतस्थळही त्यावरच चालते. वरच्या कार्यालयाला अहवाल पाठवण्यासाठी नव्हे, तर गावाच्या रोजच्या कामासाठी ते बनले, म्हणून नोंद बरोबर असण्यात गावाचाच फायदा असतो. बाळंतपण झाले, कोणी वारले, सून आली की बदल त्याच दिवशी होतो, कारण उद्याचा दाखला त्यातूनच निघणार असतो. २०१४ च्या कायद्याच्या ८६ व्या कलमाने तर ग्राम माहिती प्रणालीद्वारे माहिती मिळणे हा गावाचा हक्कच ठरवला आणि ती प्रणाली उभारण्याचे काम जिल्हा सरकारवर टाकले.

आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या नोंदवह्यांचे नमुना १ ते ३३ आहेत, म्हणजे नोंदींचा सांगाडा तयार आहे. त्यांतील कुटुंबे व मालमत्ता यांची एक मूळ प्रत गावाने पक्की करावी आणि ग्रामसभेत वाचून दाखवावी. मग कोणत्याही पोर्टलवर नाव भरताना त्याच प्रतीतील अक्षरे जशीच्या तशी उतरवता येतील. यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

उत्तर : निवृत्त ग्रामसेवक, वर्धा जिल्हा

प्राध्यापक महोदयांच्या म्हणण्याला माझी सहमती आहे. केवळ एक सावधगिरी नोंदवतो. २० जून २०२४ रोजी इंडोनेशियाच्या सुराबाया येथील तात्पुरत्या राष्ट्रीय माहिती केंद्रावर सायबर हल्ला झाला, तिथली माहिती कुलूपबंद केली गेली आणि ती उघडण्यासाठी ८० लाख डॉलरची खंडणी मागण्यात आली. केंद्रीय आणि स्थानिक मिळून दोनशेहून अधिक कार्यालयांचे काम त्यात अडकले, विमानतळांवर प्रवासी ताटकळले. चौकशीत निघाले ते असे की, तिथल्या बहुतेक माहितीची दुसरी प्रतच कोठे ठेवलेली नव्हती, कारण प्रत ठेवणे हे त्या त्या कार्यालयाच्या मर्जीवर सोडलेले होते. सरकारने खंडणी दिली नाही. पुढे जुलैच्या सुरुवातीला हल्लेखोरांनी ती माहिती उघडण्याची डिजिटल किल्ली स्वतःहून दिली.

कागदच बरा, असे मी यावरून म्हणत नाही. माझ्या नोकरीत एका गावाचे जुने जन्म-मृत्यू रजिस्टर वाळवीने खाल्लेले मी पाहिले आहे, आणि त्या गावातील लोक जातीच्या दाखल्यासाठी आजोबांचा पुरावा आजही शोधत फिरतात. गावाची नोंद संगणकावर असावी, तिची प्रत दुसऱ्या जागी असावी आणि वर्षातून एकदा ती छापून, प्रत्येक पानावर सही-शिक्का घेऊन कपाटात ठेवावी, एवढेच माझे सांगणे आहे.

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल : इंडोनेशियात गावाचा वार्षिक अर्थसंकल्प मोठ्या फलकावर छापून कार्यालयासमोर लावण्याची पद्धत रुळली आहे. जमा किती, खर्च कशावर, सारे त्या फलकावर असते, आणि ते वाचायला मोबाइल लागत नाही. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून ई-ग्रामस्वराज पोर्टल आहे. कोणत्याही ग्रामपंचायतीचा जमाखर्च त्यावर लॉगिनशिवाय पाहता येतो. शिवाय माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने अशी माहिती मागण्याची वाट न पाहता जाहीर करणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे. म्हणजे त्या कास्तकाराच्या प्रश्नाचे उत्तर उपलब्ध होते. ते पोर्टलवरून छापून चावडीच्या भिंतीवर आणणे तेवढे बाकी होते.

प्रश्नकर्तीचे उत्तर : ग्रामपंचायत सदस्य, यवतमाळ जिल्हा

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभारी आहे. काल मी आणि आमचा परिचालक ई-ग्रामस्वराजवर दोन तास बसलो. नालीच्या कामाची दोन देयके त्यात सापडली. त्यांची रक्कम आणि तारखा कागदावर उतरवून मी त्या कास्तकाराच्या घरी गेले आणि त्यांना वाचून दाखवल्या. त्यांनी लगेच विचारले की, इतक्या रकमेत नाली किती मीटर व्हायला हवी होती. ते माप मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापे नोंदवतात त्या वहीत, असेल, पोर्टलवर मला ते दिसले नाही, म्हणून त्या पुस्तिकेची प्रत मी मागितली आहे.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वी वर्षाचा जमाखर्च फलकावर रंगवून घेण्याचा विषय मासिक सभेत मांडणार आहे. कुटुंबांची मूळ यादी वाचून दाखवण्याचे काम मात्र त्या दिवशी होणार नाही, कारण सोयाबीनची सोंगणी आणि मग कापसाची वेचणी सुरू झाली की बाया सभेला येऊ शकत नाहीत, आणि घरातील नावांची खरी माहिती त्यांनाच असते. ते वाचन वस्तीवस्तीत, संध्याकाळी करावे असे वाटते. निवृत्त ग्रामसेवक काकांना विचारते की, अशा वस्तीतील वाचनानंतर झालेल्या दुरुस्त्या नमुना ८ मध्ये घेण्यासाठी ग्रामसभेचा ठराव पुरेसा होईल, की प्रत्येक मालमत्ताधारकाचा स्वतंत्र अर्ज घ्यावा लागेल?