हत्तीवरील पोलो नेमका कसा खेळला जातो?

प्रश्न: घोड्यावरचा पोलो मी पाहिला आहे, परंतु हत्तीवर बसलेला खेळाडू हत्तीला वळवत असतानाच चेंडूही मारतो का, आणि हा खेळ कुठे सुरू झाला?

उत्तर १: हत्ती वळवण्याचे काम माहूत करतो, तर त्याच्या मागे दोरांनी बांधलेला खेळाडू लांब बांबूच्या काठीने चेंडू टोलवतो, त्यामुळे माहूत आणि खेळाडू यांचा मेळ हाच माझ्या मते या खेळाचा खरा गाभा आहे. संघटित स्वरूपात तो 1982 साली नेपाळमधील चितवनजवळच्या मेघौली येथे सुरू झाला. आरंभी फुटबॉल वापरत असत, पण हत्ती तो पायाखाली फोडत, म्हणून नेहमीचा पोलोचा चेंडू आला. सामन्यात दहा-दहा मिनिटांची दोन सत्रे असतात, आणि हत्तींच्या वेगातील फरकाचा लाभ एकाच संघाला मिळू नये यासाठी मध्यंतरानंतर संघ आपापसात हत्ती बदलतात. हत्तीने गोलासमोर आडवे झोपणे किंवा सोंडेने चेंडू उचलणे हे नियमभंग मानले जाते.

उत्तर २: नियम विचारपूर्वक केलेले आहेत हे मान्य, तथापि अंकुशाच्या धाकाने हत्तींना वळण लावले जाते, हा प्राणिहितवाद्यांचा आक्षेप मला गंभीर वाटतो. 2007 साली श्रीलंकेतील गॉल येथे सामन्यादरम्यान एक हत्ती बिथरला आणि त्याने एका संघाच्या मिनीबसची मोडतोड केली.

उत्तर ३: थायलंडमधील किंग्ज कप स्पर्धा 2018 नंतर झालेली नाही. तिच्यातून हत्तींसाठी निधी उभा राहत असे, हेही नोंदवणे न्याय्य ठरेल.