दिवाळीचा बोनस : मिरजेचा तंबोरा आधी की देणगी?

खर्ज : यंदाच्या बोनसमधून माझ्या हाती 40,000 रुपये उरले आहेत. सहा वर्षे मी गाणे शिकत आहे आणि आजवरचा सारा रियाज इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर झाला आहे. मिरजेला जाऊन, जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, स्वतःच्या कानांनी पारखून निवडलेला तंबोरा 36,000 रुपयांना ठरला आहे. दुसरीकडे, दर दिवाळीला मी आदिवासींसाठी दवाखाना चालवणाऱ्या हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाला 10,000 रुपये पाठवतो. यंदा दोन्ही बसत नाही. माझे मत असे की, देणे आधी बाजूला काढावे आणि छंदाने उरलेल्या रकमेत वाट पाहावी. कारण तंबोरा उशिरा आला तर माझा रियाज आहे तसा चालू राहील, पण दवाखान्यात आलेल्या रुग्णाला औषधासाठी थांबता येत नाही.

कासारवाट : मी सहमत नाही. आपण तंबोऱ्याला चैनीच्या रांगेत बसवले आहे. मिरजेतील शिकलगार घराणी मूळची शस्त्रे घडवणारी. एकोणिसाव्या शतकात ती तंतुवाद्यांकडे वळली आणि पंढरपूर-मंगळवेढा भागातून येणाऱ्या भोपळ्यांवर त्यांनी ही कला उभी केली. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मलाही अभिमान आहे. परंतु मानांकनाने कारागिराच्या घरची चूल पेटत नाही, ती कोणीतरी वाद्य विकत घेतल्यावर पेटते. हातचे काम टिकवणारी खरेदी मला देणगीइतकीच मोलाची वाटते.

निशिगंध : खरेदीला दान म्हणणे मला पटत नाही, कारण पैशाच्या मोबदल्यात वस्तू आपल्या घरी येते; कारागिराला त्याच्या कष्टांचे दाम मिळते, आणि ते त्याच्या हक्काचेच आहे. मात्र माझा मुख्य आक्षेप खर्ज यांच्या दिवाळीच्या मुहूर्तावर आहे. मी मुलांच्या एका वसतिगृहात काही वर्षे मदतीला जात आहे. दिवाळीच्या आठवड्यात तेथे फराळाचे डबे ठेवायला जागा उरत नाही, आणि जूनमध्ये वह्या कमी पडतात, स्वयंपाकीणबाईंचा पगार लांबतो, गॅसची उधारी होते, तेव्हा दाराशी कोणी नसते. कोणत्याही संस्थेचा खर्च महिन्याचा असतो. दरमहा 850 रुपये पाठवले तर वर्षाला 10,200 होतात, आणि तंबोराही आजच घेता येतो.

कासारवाट : हा हिशेब मला मान्य आहे. करसवलतीसाठी एकरकमी देण्याचे कारणही नव्या करप्रणालीत उरलेले नाही.

खर्ज : महिन्याच्या देण्याचा मुद्दा मी पूर्ण स्वीकारतो, पण ते पुढच्या पगारांवर सोडायला मन तयार होत नाही. घराचा हप्ता, शाळेची फी यांच्या पुढे आधी हेच 850 रुपये मागे पडतील, हे मी स्वतःबाबत अनुभवले आहे. म्हणून बोनसमधील 10,000 रुपये आजच वेगळ्या खात्यात ठेवून तेथून दरमहा आपोआप रक्कम जाईल अशी सूचना बँकेला देत आहे. उरलेल्या 30,000 मधून मिरजेला विसार पाठवतो आणि बाकी रक्कम गुढीपाडव्यापर्यंत फेडण्याची मुदत मागतो. कारागिरांनी ती दिली नाही, तर तंबोरा पुढच्या दिवाळीला घेईन. देणगी मात्र याच महिन्यापासून सुरू होईल.